पुलापलीकडच्या गावात आता फक्त

३ फेब्रुवारी

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकला असाल. दर नववर्षाला एक छापील कार्ड आणि खाली माझी सही, एवढाच माझा नऊ वर्षांचा पत्रव्यवहार. आज चक्क पत्र, म्हणजे याचं काहीतरी काम अडलंय, हे तुम्ही ओळखलंच असेल.

आपल्या युद्धावर सिनेमा निघतोय. सैनिकांवर नाही, आमच्यावर. नदीकाठच्या त्या गावात अडकलेले वार्ताहर, त्यांची भांडणं, त्यांच्या बातम्या, असं सगळं. त्या टोळक्यात मी एकटाच फोटोवाला होतो आणि एकटाच रिकामटेकडा उरलोय, म्हणून मला सल्लागार नेमलंय. काम सोपं आहे. कापडी खुर्चीत बसायचं, त्यांनी काही विचारलं की "असं नव्हतं" म्हणायचं, मग ते तसंच करतात. चहा चांगला मिळतो.

मालगाडीचं काम करणारा नट सहा फुटी आहे. (तुमच्या नवऱ्याला, आमच्या खऱ्या मालगाडीला, पोस्टाच्या खिडकीतून बाहेर बघायला पायाखाली वीट लागायची.) केस मानेपर्यंत. तोफा सुरू झाल्या की तो केस मागे सारतो आणि आकाशाकडे बघतो. मी म्हटलं, "बाबा रे, तोफा सुरू झाल्या की आम्ही टेबलाखाली बघायचो, जागा आहे का ते." दिग्दर्शक म्हणाला, "वा! हे फार मानवी आहे." आणि पुढच्या खेपेलाही आकाशच.

पोस्टाची इमारत मात्र हुबेहूब उभी केलीय. ती फोनची लाकडी खोली, तिची कधीच न लागणारी कडी, मागच्या दाराच्या पायऱ्या. पहिल्या दिवशी आत जाऊन आलो आणि उगाच बराच वेळ उन्हात उभा राहिलो.

आता काम सांगतो. सिनेमाचा शेवट अर्थातच तो फोन आहे. मालगाडी बातमी सांगतोय, इकडे ऑफिसात तुम्ही ती टाइप करताय, "पुलापलीकडच्या गावात आता फक्त" एवढं म्हणतो आणि तोफगोळा पडतो. ते अर्धं वाक्य आता सगळ्यांना पाठ आहे. एका प्राध्यापकाने त्यातल्या "फक्त"वर प्रबंध लिहिलाय. दिग्दर्शकाला हवंय ते एवढंच, की बातमीखेरीज तो तुमच्याशी शेवटचं काय बोलला. "काहीतरी बोलला असेलच ना, नवराबायको होते!" असं म्हणून तो रोज माझ्या मागे लागतो.

आणि तुमचं काम करणारी मुलगी तुम्हाला भेटायला यायचं म्हणतेय. पाठवू का?

तुमचा
तिपाई

० ० ०

९ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार. पत्र पोचलं. अक्षर अजून तसंच आहे, पाय लांब लांब. तिपाई नाव काही उगाच पडलं नव्हतं.

मुलीला पाठवा. ताई खूश आहे. माझ्याकडे राहायला आल्यापासून तिला घरात कोणी सिनेमातलं आलेलं नाही, म्हणून ती पडदे धुवायला काढतेय. मुलीबरोबर नटही येईल का, असं विचार म्हणते. मी विचारलं असं समजा.

शेवटचा फोन. तो मी कोणाला सांगितलेला नाही. ऑफिसात नाही, ताईलाही नाही. सिनेमावाल्यांना सांगणार नाही.

एक विनंती आहे. तो प्रसंग काढून टाकता आला तर बघा. बाकी त्यांना सहा फुटी करा, घोड्यावर बसवा, माझी काही हरकत नाही. तो फोन तेवढा नको.

प्रकृतीची काळजी घ्या. कानाचं कसं आहे?

वहिनी

० ० ०

१ मार्च

वहिनी,

कान आहे तसाच. डावीकडून कोणी बोललं तर मी हसून मान हलवतो. त्यामुळे सेटवर मी फार समजूतदार म्हणून प्रसिद्ध आहे.

मुलगी तुमच्याकडून आल्यापासून सेटवर काय चाललंय ते ऐका. ती टाइपरायटरसमोर बसते. फोन वाजतो. ती आधी वाकून डाव्या पायातली चप्पल काढते, नीट बाजूला ठेवते, पेन्सिल दातांत धरते आणि मगच फोन उचलते. दिग्दर्शकाने विचारलं तर म्हणाली, "त्या असंच करायच्या. त्यांनीच मला सांगितलं." दिग्दर्शकाला ती चप्पल इतकी आवडलीय की आता तिला स्वतंत्र दृश्य मिळालंय. कॅमेरा चपलेवर, मागे फोनची घंटा. परवा तो मला म्हणाला, "एक पाय घरात, एक पाय युद्धात. काय बाई असेल!" मी मान हलवली. या वेळी उजव्या कानाने ऐकून.

वहिनी, मी त्या ऑफिसात सात वर्षं येऊन-जाऊन होतो. तुम्हाला चप्पल काढताना मी कधी पाहिलं नाही.

नटालाही मालगाडीची एखादी लकब हवी होती. मी सांगितलं, संकट जवळ आलं की तो पेनाच्या टोपणाने नाक खाजवायचा. आता तो इतकं खाजवतो की नाकाला रोज पावडर लावावी लागते.

फोनची शिस्त मात्र मी खरीखुरी शिकवली. अख्ख्या गावात चालू फोन एक, वार्ताहर नऊ. ज्याच्या हाती लागला त्याने तो सोडायचा नाही. सोडला की लाइन गेली, नंबर गेला, परत रांगेत शेवटी. बातमी संपली तरी नवीन काही घडेपर्यंत धरून ठेवायचा आणि काहीही बोलत राहायचं. "काहीही म्हणजे काय?" असं नटाने विचारलं. मी म्हटलं, मालगाडी पाढे म्हणायचा. त्याचा विश्वास बसेना. मग मी त्याला ते छापून आलेलं प्रकरण सांगितलं. चहावाल्यासकट सगळा सेट हसला.

तुमच्या विनंतीचं बोललो. दिग्दर्शक म्हणाला, "तो प्रसंग काढला तर सिनेमात उरतं काय?" उरतं ते बरं आहे असं मला वाटतं, पण माझं कोण ऐकतो. त्याने लिहिलंय ते असं: गोळा पडतो, मालगाडी फोन छातीशी धरून कोसळतो, इकडे तुम्ही "हॅलो, हॅलो" करत रडता, रडता, आणि रिसीव्हर तारेला लोंबकळत राहतो. मुलगी छान रडते. तीन वेळा करून घेतलं, तिन्ही वेळा लाइटवाले रडले.

का काढायचा, तेवढं सांगा. म्हणजे मला भांडता येईल.

तिपाई

० ० ०

१० मार्च

भाऊजी,

चपलेचं मी सहज म्हणाले. ती बिचारी वही उघडून बसली होती, तुमची एखादी सवय सांगा, एखादी तरी सांगा म्हणून. मला काही सवयच आठवेना. टाइप करायचे, घरी जायचे. तिचा चेहरा इतका पडला की मला राहवेना. पेन्सिल ताईची भर आहे. आमच्याकडून माफी मागा, पण चपलेचं दृश्य संपल्यावर.

नाक खाजवण्याची सवय ह्यांची नव्हती. ती तुमची आहे.

पाढ्यांचं माझ्या बाजूने सांगते, तुम्हाला अर्धंच माहीत आहे. आमचं काम म्हणजे कानात पडेल ते बोटांतून काढायचं. मजकुराकडे लक्ष दिलं की बोटं अडखळतात, म्हणून लक्ष द्यायचं नाही, असं मला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. त्यामुळे "शत्रूने उत्तरेच्या टेकडीवरून माघार घेतली" याच्यापुढे "एकोणीस साते एकशे तेहेतीस" आलं तेव्हा मी तेही टाइप केलं. बातमी तशीच आत गेली, तशीच छापली. दुसऱ्या दिवशी संपादक टेबलाशी येऊन उभे राहिले. "बाई, हे काय?" मी कागद बघून म्हटलं, "बरोबर आहे, साहेब. एकशे तेहेतीसच होतात."

हे परत आले ते आधी माझ्या टेबलाशी. तोवर आम्ही एकमेकांना पाहिलंसुद्धा नव्हतं, दोन वर्षं फक्त आवाज ऐकत होतो. म्हणाले, "पुढे-बोला बाई त्या तुम्हीच का?" मी म्हटलं, "आणि मालगाडी ते तुम्ही." ह्यांच्या बातम्यांना डबे फार. मी सगळ्यांनाच मध्येमध्ये विचारायचे, "अजून किती आहे?" बाकीचे चिडायचे. हे म्हणायचे, "कंटाळलात? मग दोन डबे सोडतो." आणि खरंच सोडायचे. अशी बातमी कापणारा वार्ताहर मी दुसरा पाहिला नाही. त्यावरच लग्नाला हो म्हटलं.

प्रसंग का काढायचा ते विचारलंत. मला पुष्कळ लिहिता येत नाही. मी त्या दिवशी रडत नव्हते आणि "हॅलो, हॅलो" म्हणत नव्हते, एवढं सांगते. आणि हे. डोळे मिटले की मला हे त्या लाकडी खोलीत एकटे, फोन धरून घाबरलेले दिसतात. नऊ वर्षं तेच एक चित्र आहे. आता ते पडद्यावर, भिंतीएवढं, आणि कोणा दुसऱ्याच्या चेहऱ्याने दिसणार. मग माझ्याकडचे हेही जातील. आवाज तर आत्ताच नीट आठवेनासा झालाय.

एक विचारू का? घरी आणलं तेव्हा ह्यांच्या अंगावर सगळी धूळ होती आणि डोक्यावर अगदी ताजी कटिंग. मानेवर नीट सरळ रेघ मारलेली. वेढा पडलेल्या गावात केस कोणी कापले? कोणाला विचारायचं ते कळलं नाही, आणि त्या दिवसांत असं विचारणंही बरं दिसलं नसतं. तुम्हाला माहीत असलं तर सांगा.

वहिनी

० ० ०

१७ मार्च

वहिनी,

केस न्हाव्याने कापले. थट्टा नाही, खरंच सांगतोय.

त्या दिवशी सकाळी तोफा जरा थांबल्या होत्या. मालगाडी म्हणाला, "चल, पूल ओलांडून बघून येऊ, पलीकडे काय उरलंय." मी नको नको म्हणत गेलो, जसा नेहमी जायचो. पलीकडचं गाव रिकामं. दारं सताड, रस्त्यावर एकच बूट. आणि चौकात एक न्हावी दुकान उघडून, खुर्ची पुसून, दारात गिऱ्हाइकाची वाट बघत बसलेला. आम्हाला बघून म्हणाला, "या. सध्या गर्दी नाही." मालगाडी हसून हसून खुर्चीतच बसला. मी ओरडतोय की अरे, तोफा सुरू होतील. न्हावी मला म्हणतो, "साहेब, धक्का नका देऊ, रेघ वाकडी होते." मालगाडीने विचारलं, "सगळे गेले, तुम्ही का नाही गेलात?" म्हणाला, "सगळे जातात कुठे? परत येतील तेव्हा केस वाढलेलेच असतील ना?"

परत येताना पूलभर मालगाडी तेच म्हणत होता, "तिपाई, आजची बातमी ही. बाकी सगळी रद्दी."

थांबा.

वहिनी, हे लिहिता लिहिता मला आत्ता उजाडलं. हातातलं पेन खाली ठेवून खोलीत दोन फेऱ्या मारून आलो. "पुलापलीकडच्या गावात आता फक्त..." अहो, न्हाव्याचं दुकान! फक्त न्हाव्याचं दुकान उघडं आहे! प्राध्यापक म्हणतो "फक्त शून्य". दिग्दर्शक म्हणतो "फक्त प्रेम". त्या गावात मालगाडीच्या नावाची पाटी लावताना मंत्री म्हणाले होते, "फक्त स्वाभिमान". आणि हा सांगत होता कटिंगचं! आता त्या प्राध्यापकाला कोण सांगणार? मी सांगू? मला सांगू द्या.

हसून झाल्यावर एक गोष्ट सांगतो, ती तुमच्यापासून लपली आहे असं मला वाटतं. नसेल तर चांगलंच.

मालगाडी गेला तेव्हा फोनवर नव्हता.

त्याने फोन ठेवला. आपण होऊन. मी खोलीच्या दाराशीच होतो. दिला ठेवून, आणि बाहेर आला. मागच्या रांगेतले फोनवर अक्षरशः पडले. त्या युद्धात मी माणसांना मरताना पाहिलं, चोरी करताना पाहिलं, पण मधेच फोन ठेवताना कोणाला पाहिलं नाही. नऊ वर्षं मी त्यावर विचार करतोय. रांगेत जे उभे होते त्यांनीच तो "फोनवर असतानाच" गेला असं लिहिलं. चांगली बातमी होत होती, कशाला मोडायची? आणि मला कोणी विचारलंच नाही. फोटोवाल्याला कोण विचारतं? तीन आठवड्यांनी इस्पितळातून बाहेर आलो तोवर अर्धं वाक्य शाळेच्या पुस्तकात जायच्या बेतात होतं.

त्याने फोन का ठेवला, हे जगात तुमच्याखेरीज कोणाला माहीत असणार? काय झालं होतं? त्याच्यावर रागावला होतात का? असलात तरी सांगा. त्याचं ते फोन ठेवणं सोडलं तर इतर काहीही समजून घ्यायची मला सवय झालीय.

तिपाई

० ० ०

१५ एप्रिल

वहिनी,

महिना होत आला. मी फार बोललो का? चुकलो असेन तर पत्र फाडून टाका. नुसतं "फाडलं" एवढं कळवा.

तिपाई

० ० ०

१९ एप्रिल

श्री. तिपाई यांस,

मी ताई. तुमचं खरं नाव पाकिटावर आहे, पण घरात कोणी ते घेत नाही, तेव्हा राग मानू नये.

तुमचं मार्चमधलं पत्र तिने फाडलेलं नाही. उशीखाली आहे. काय लिहिलंय ते मी वाचलेलं नाही. वाचायचा प्रयत्न केला, पण तुमचं अक्षर असं की नुसत्या काड्या. "न्हावी" एवढा शब्द लागला. न्हाव्याचा काय संबंध? माझी झोप गेलीय.

ती बरी आहे. पण एक सांगते, ती सांगणार नाही. नऊ वर्षांत ती दुपारी जेवलेली नाही. ताट वाढलं की म्हणते नंतर, आणि चार वाजून गेले की उभ्याउभ्या काहीतरी तोंडात टाकते. मी रागावून बघितलं, रुसून बघितलं, एकदा ताट घेऊन ऑफिसात गेले. उपयोग शून्य. पूर्वी अशी नव्हती. लहानपणी हिला जेवायला पाच मिनिटं उशीर झाला की घर डोक्यावर घ्यायची. भूक लागली की ही कोणाची नाही, असं आमची आई म्हणायची.

तुमचं पत्र आल्यापासून ती दुपारी ताटासमोर येऊन बसते. जेवत नाही. नुसती बसते. याला सुधारणा म्हणायची की काय, ते तुम्ही कळवा.

नट येणार होता त्याचं काय झालं?

ताई

० ० ०

२४ एप्रिल

भाऊजी,

ताईने लिहिलं ते मला तिनेच सांगितलं. तिला गुपित ठेवता येत नाही, म्हणून तर मी तिला कधी काही सांगितलं नाही.

रागावलेली नाही. मला वाटत होतं ती गोष्ट फक्त मलाच माहीत आहे. तुम्हालाही अर्धी माहीत होती हे कळल्यावर मला जरा बसून राहावं लागलं.

आता सांगते. असं झालं.

सकाळपासून ऑफिसात मी एकटीच होते, दुसरी टाइप करणारी आजारी. हे फोनवर आले तेव्हा साडेबारा वाजून गेले होते. सांगत होते, मी टाइप करत होते. लक्ष देत नव्हते, नियमाप्रमाणे. "पुलापलीकडच्या गावात आता फक्त" असं म्हणाले, आणि मी विचारलं, "अजून किती आहे?"

म्हणाले, "भरपूर आहे. आज मजा आहे. का?"

मी म्हटलं, "मला भूक लागलीय. सकाळपासून पोटात काही नाही."

म्हणाले, "मग आधी सांगायचं नाही का? जा, जेवून घे. पंधरा मिनिटांनी लावतो."

मी म्हटलं, "अहो, लाइन जाईल."

म्हणाले, "जाऊ दे. पूल काही कुठे पळून जात नाही." आणि ठेवला.

मी डबा उघडला आणि जेवले. कालचीच भाजी होती. सगळा डबा संपवला. पाणी प्यायले. येऊन बसले, यंत्रात तो कागद तसाच होता. फोन वाजला नाही. चार वाजेपर्यंत नाही. चारला संपादक स्वतः आले. त्यांनी कागद यंत्रातून काढला, वाचला आणि म्हणाले, "इथे तुटला का?" मी मान हलवली. ते रडत होते, भाऊजी. त्यांना मी काय सांगणार, की इथे मला भूक लागली?

मलाही कोणी विचारलं नाही. उतरवून घेणाऱ्या बाईला कोण विचारतं?

पूलही त्याच दिवशी गेला, हे मी नंतर पेपरात वाचलं.

आता मला तुमची अर्धी बाजू हवी. मी जेवत होते तेव्हा हे काय करत होते? परत फोन मिळावा म्हणून धावपळ करत होते का? रांगेत शेवटी उभे होते का? घाबरले होते का? मला सिनेमासारखं सांगू नका. जसं होतं तसं सांगा. मी उतरवून घेईन.

वहिनी

० ० ०

२७ एप्रिल

वहिनी,

जसं होतं तसं सांगतो. तुम्हाला हसू आलं तर दाबू नका.

तो खोलीतून हसत बाहेर आला. आम्ही सगळे ओरडलो, "अरे, वेड लागलं का?" तो म्हणाला, "वरून हुकूम आहे. पंधरा मिनिटं सुट्टी." मला वाटलं संपादकांचा हुकूम. नऊ वर्षं मी त्या संपादकांना शिव्या घातल्या! आज त्यांची मनातल्या मनात माफी मागितली.

रांगेतल्या एकाने त्याला विचारलं, "आता नंबर लागायला संध्याकाळ होईल, कळतंय ना?" म्हणाला, "पाढे म्हणणारा तर बाहेर आलाय, लवकर लागेल."

मग आम्ही मागच्या पायऱ्यांवर बसलो. ऊन चांगलं होतं. त्याने बूट काढले, मोजे काढून कठड्यावर वाळत घातले. (हे मी सल्लागार म्हणून सुचवलं होतं. दिग्दर्शक म्हणाला, नायकाचे मोजे दाखवता येत नाहीत. नायिकेची चप्पल मात्र चालते!) मग म्हणाला, "तिपाई, काही खायला आहे का?" मी म्हटलं, "आत्ता तर म्हणत होतास भूक नाही." म्हणाला, "नाहीच आहे. पण ती आत्ता जेवतेय. परत फोन लावला की पहिला प्रश्न येणार, तुम्ही जेवलात का. खोटं बोललेलं तिला आवाजावरून कळतं. तेव्हा जेवलेलं बरं."

मला तेव्हा यातलं काही कळलं नाही. नवराबायकोचं काहीतरी असेल म्हणून सोडून दिलं. आज कळलं.

माझ्या पिशवीत अर्धा पाव आणि एक कांदा होता. त्याने कांदा पायरीवर ठेवून बुक्कीने फोडला. मोठ्ठा घास घेतला, दोन्ही गाल फुगले, आणि तशा भरल्या तोंडाने मला न्हाव्याची नक्कल करून दाखवायला लागला. "रेघ वाकडी होते, साहेब!" मी हसत हसत फोटो काढला. मग त्याने तोंड वाकडं केलं. "मीठ नाही? मिठाशिवाय कांदा म्हणजे शिक्षा आहे." मी म्हटलं, "महाराज, वेढा पडलाय." म्हणाला, "पोस्टमास्तरांच्या खणात आहे. मी पाहिलंय. जा ना, लंबूटांग, तुझे पाय लांब आहेत."

मी मीठ आणायला आत गेलो. पुडी हातात होती तेव्हा गोळा पडला, मागच्या पायऱ्यांवर. माझा एक कान गेला, बाकी सगळा मी राहिलो. तुमच्या नवऱ्याच्या जिभेच्या चोचल्यांमुळे मी आज हे पत्र लिहितोय.

वहिनी, तो घाबरलेला नव्हता. एकटाही नव्हता. तोंडात घास होता आणि कटिंग ताजी होती. तुम्ही तिकडे जेवत होतात, तो इकडे. असं म्हणायला हरकत नाही की तुम्ही दोघं बरोबरच जेवलात.

फोटो सोबत आहे. इतकी वर्षं मी तो कोणाला दाखवला नाही. काळ्या चौकटीतल्या माणसाचे असे गाल लोकांना आवडले नसते.

दिग्दर्शकाला नुसतं "फोन ठेवला असता तर?" असं विचारून बघितलं. तुमचं काही बोललो नाही. तो म्हणाला, "मग प्रेक्षकांना वाटेल मध्यंतर झालं." तेव्हा फोन, गोळा, रडणं, सगळं राहतंय. पण मी हात हलवत आलो नाही. मी त्याला गंभीरपणे सांगितलं की शेवटच्या दिवशी मालगाडीचे केस बारीक कापलेले होते, हा इतिहास आहे आणि त्यात बदल केला तर मी पेपरात लिहीन. काल नटाचे केस कापले. तो तुमचं काम करणाऱ्या मुलीपेक्षा छान रडला.

तिपाई

० ० ०

११ सप्टेंबर

भाऊजी,

फोटो मिळाल्यावर लगेच लिहायला हवं होतं. जमलं नाही. ताईने तुम्हाला कळवलंच असेल, तिने काय काय कळवलं ते मी विचारत नाही.

काल आम्ही सिनेमा बघून आलो. तुम्ही पाठवलेले पास संध्याकाळचे होते, मी ते बदलून सकाळच्या खेळाचे घेतले. ताई नवी साडी नेसली होती, नट येईल म्हणून. नट नव्हता.

सिनेमा बरा आहे. तोफांचे आवाज फार. चपलेच्या वेळी पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "बघ, किती खोल आहे." ताईने मला इतक्या जोरात चिमटा काढला की अजून वळ आहे.

मग शेवट आला. मी घाबरले होते, खरं सांगते. ताईचा हात धरून ठेवला. तो उंच मुलगा फोन धरून उभा राहिला, "पुलापलीकडच्या गावात" म्हणाला, आणि वळला. आणि मला त्याची मान दिसली. बारीक कापलेले केस आणि मानेवर सरळ रेघ. पलीकडे ती मुलगी रडायला लागली, सगळं थेटर रडायला लागलं, आणि मला ह्यांचा आवाज आला. भरल्या तोंडाचा. "रेघ वाकडी होते, साहेब." अगदी स्पष्ट, फोनवर यायचा तसा.

मला हसू आवरेना. पदर तोंडात कोंबला तरी आवरेना. खांदे हलायला लागले. शेजारच्या गृहस्थांनी ओळखलं असावं मी कोण ते, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. दारावरचा माणूस पाणी घेऊन आला. मागून कोणीतरी म्हणालं, "बिचारी, अजून सावरली नाही." ताईने सगळ्यांना हात जोडून सांगितलं, "जरा एकटं सोडा हो तिला." तीही हसत होती. न्हाव्याचं तिला मी आदल्या दिवशी सांगितलं होतं.

प्राध्यापकांना न्हाव्याचं खुशाल सांगा. फोनचं सांगू नका. ते आपल्याकडे राहू दे.

बाहेर आलो तेव्हा एक वाजत आला होता. समोर झाडाखाली बाक आहे. ताई म्हणाली, "चल घरी, चार वाजता खाशील." मी म्हटलं, मला भूक लागलीय. तिने मला बाकावर बसवलं. मग धावत जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून पाव आणि दोन कांदे घेऊन आली. नव्या साडीत, बाकावर, बुक्कीने कांदा फोडला. लोक बघत होते.

मीठ मी घरूनच नेलं होतं.

वहिनी